मधलीचा आवाज

आमच्या खानदानात कुणाचंही लग्न निघालं की हळदीच्या दिवशी एक वेळ हमखास येते. देगचीवरचं झाकण निघायला अजून अवकाश असतो, पोरं भुकेनं किरकिरत असतात आणि ढोलकीवाल्या बाईंना येणारी चारही गाणी वाजवून झालेली असतात. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, "अगं, नसीम बसलीय ना इथं! तिचा तर अल्बम निघाला होता." सगळ्या माना माझ्याकडे वळतात. मी अदबीनं हसते, गळ्याला दोन बोटं लावते आणि घोगऱ्या आवाजात सांगते, "गळा बसलाय." बायका हळहळतात. एखादी गरम पाणी आणून देते, एखादी पर्समधून ज्येष्ठमधाची काडी काढते. कलावंताचा गळा, जपायलाच हवा. माझा गळा बसून आता जवळजवळ तीस वर्षं झाली. एवढ्या काळात एकालाही शंका आली नाही, याचं श्रेय माझ्या अभिनयाला द्यावं की नातेवाइकांच्या बुद्धीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग माझ्या मुलीला, सारियाला, तो अल्बम सापडला. कुणा रिकामटेकड्या माणसानं जुनी कॅसेट झाडूनपुसून इंटरनेटवर चढवली आहे, आठच्या आठ गाण्यांसकट. सारियानं ती स्वयंपाकघरात एका डबीएवढ्या स्पीकरवर लावली, ओट्याला टेकून दोन गाणी मन लावून ऐकली आणि विचारलं, "अम्मी, यात तुझा आवाज कुठला?" मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण द्यावं लागलं नाही. "नंतर सांगते," म्हटलं. हे ते नंतर.

भिवंडीच्या निजामपुऱ्यातलं आमचं घर म्हणजे खाली बारा लूम, कापड विणणारे यंत्रमाग, आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. सकाळी लूम सुरू झाले की मांडणीतले पेले एकमेकांना घासून किणकिणायला लागत, तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत आणि परातीत काढलेलं तांदळाचं पीठ कुणी हात न लावता सपाट होऊन जाई. पाहुणे घाबरून जमिनीला हात लावून बघत. आम्हाला उलट वाटे. अम्मीच्या माहेरी झोपायला गेलं की तिथली फरशी मेल्यासारखी गार आणि गप्प पडलेली असे आणि आम्हा बहिणींना झोप येत नसे. घरात अब्बा, अम्मी, मी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान रेहाना आणि फुफी. फुफी ही अब्बांची थोरली बहीण. ती लवकर विधवा होऊन भावाकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून भाऊच तिच्याकडे राहायला आलाय असं वागू लागली. अम्मीचं राज्य चुलीपुरतं. बाकी सगळा मुलूख फुफीचा.

बारा लूमच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्याकडे बोलण्याचे दोनच प्रकार होते. परक्यांशी बोलायचं तर ओरडून आणि घरच्यांशी बोलायचं तर ओठांनी. फुफी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून, घशातून एक अक्षर न काढता, नुसते ओठ हलवून खाली टोकाच्या लूमपाशी उभ्या असलेल्या अब्बांना सांगे की सुके बोंबील संपलेत आणि तुझ्या सासरचे लोक येतायत. अब्बा तिकडून ओठांनीच विचारत, किती जण? यूपीकडचे कारीगर आपसात ओठांनी हिंदी बोलत, आणि मला वाटतं मी हिंदी कानांनी शिकलेच नाही, डोळ्यांनीच शिकले. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागल्या की आम्ही दोघी बहिणी ठार बहिऱ्या होत असू. प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नसते' असा शेरा येई. लक्ष होतं हो, बाईंची पाठ बोलत नव्हती.

शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी सगळ्यांच्या कानात एक बारीक शिट्टी वाजत राही. अम्मी सांदणं करी, नारळाच्या दुधातली, जाळीदार, आणि बरोबर खिमा. दस्तरखानाभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलेले आम्ही पाच जण सवयीनं किंचाळत असू. "मीठ दे!" "कुणाला?" "तुला नाय, मला!" शेजारच्या खालाला वाटे, दर शुक्रवारी आमच्यात वाटण्या होतात.

आता अब्बांचा कायदा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यानं केलं. अब्बांना गाणं आवडत नसे असं नाही, गल्लीला ऐकू जाणारं गाणं आवडत नसे. तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं मधला मार्ग काढला होता. लूम चालू आहेत तोवर पोरींनी काय गायचं ते गावं. लूम थांबले की तोंडं थांबली पाहिजेत. लाइट गेली आणि आमचं गाणं अंतऱ्यात असलं तर ते तिथंच तुटे. आमच्याइतका शिस्तीचा रियाज कुठल्या घराण्यात झाला नसेल. वीज मंडळच आमचं उस्ताद होतं.

गाण्याचं खूळ आणलं ते मामूनं. अम्मीचा हा भाऊ केपटाउनला होता. दर दोन वर्षांनी तो अत्तर, साबण आणि एखादी बिनकामाची वस्तू घेऊन येई. त्या वर्षी बिनकामाची वस्तू म्हणजे एक कॅसेट होती. तिच्यावर पांढरे लांब कोट घातलेल्या तीन काळ्यासावळ्या बायका, कमरेवर हात ठेवून उभ्या. मामू म्हणाला, "ह्याला सोल म्हणतात. पॉप-सोल." आम्ही टेपला कान चिकटवून ती ऐकली. एक बाई वरच्या पट्टीत काहीतरी मागायची, दुसऱ्या दोघी खालून तिची समजूत घालायच्या, मग तिघी मिळून रडायच्या, पण टाळ्या वाजवत. शब्द एक कळला नाही. पण रडणं आणि ताल एकाच वेळी चालू शकतात ही गोष्ट आमच्या घरात राहणाऱ्या माणसाला ताबडतोब पटण्यासारखी होती.

त्यांच्यात तिघी, म्हणून आम्हालाही तिसरी हवी झाली. ती आयतीच मिळाली. राहनाळची कुंदा माझ्या वर्गात होती. तिचे वडील आमच्याकडे सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यातून, सूत गुंडाळलेले लोखंडी बीम टेम्पोनं आणून टाकत आणि शाळा सुटली की तिला बरोबर घेऊन गावी जात. टेम्पो येईपर्यंत ती आमच्या जिन्यात बसलेली असे. अंगानं काडी, बोलणं कमी आणि लाजली की वेणी तोंडात. तिला ओठ वाचायला शिकवायला मला एक पावसाळा लागला. थोरली म्हणून मुख्य गायिका मी झाले. अर्ज मागवले नव्हते. रेहाना माझ्या डाव्या हाताला, कुंदा उजव्या हाताला, आणि मधे मी. जिन्याजवळच्या तीन नंबरच्या लूमला एक खोड होती, त्याचा धोटा दर चौथ्या फेरीला जरा जास्त जोरात आपटे. तोच आमचा ठेका. आम्ही जिन्यात उभ्या राहून एकमेकींच्या ओठांकडे बघत पोटातून ओरडत असू, आणि मला मनापासून वाटे, काय गातेय मी! ऐकू काहीच येत नव्हतं. तरी वाटे.

असं आम्ही किती वर्षं केलं कोण जाणे. दहावी झाली, बारावी झाली. कुंदा बीम नसले तरी टेम्पोत बसून येऊ लागली. आणि मग एक दिवस कांतीशेठ कापड बघायला आले. हे अब्बांचे नेहमीचे व्यापारी. बरोबर त्यांचा भाचा होता, पराग. केसांची शेपटी, कानात बाळी. खाली शेठ ताग्याला भिंग लावून धागे मोजत होते आणि हा वर जिन्याकडे बघत उभा. आम्ही तिघी गात होतो. त्यानं ऐकलं नाही, ऐकणं शक्यच नव्हतं. त्यानं बघितलं. तीन तोंडं एकदम उघडतात, एकदम मिटतात, तीन माना एकदम डावीकडे. तो पायऱ्या चढून वर आला आणि ओरडला, "मस्त सिंक आहे! पुन्हा करा!" आम्ही पुन्हा केलं. त्यानं डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "खूप रॉ आहे." मुंबईच्या माणसाला जे ऐकू आलेलं नसतं त्याला तो रॉ म्हणतो, हे मला पुढे कळलं.

परागला कॅसेट काढायची होती. मुलींचा ग्रुप, हिंदी-मराठी मिसळ शब्द, ढंग पॉप-सोलचा. शब्द त्याचेच होते. 'मन माझं वेल्वेट, बेबी, घडी नको मोडू' ही त्यातली बरी ओळ. ग्रुपचं नाव त्यानं ठेवलं 'थ्री सिल्क्स'. आमच्या लूमवर जन्मात रेशमाचा एक धागा चढला नव्हता, पण 'थ्री पॉलिस्टर' हे विकलं गेलं नसतं हेही खरं. अब्बांना विचारायला तो आणि शेठ रीतसर घरी आले, शुक्रवारी, सांदणांच्या वेळेला. अब्बांचे कान तोवर निम्मे लूमनी खाल्ले होते. ते परागच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले आणि परागला वाटलं, म्हातारा भडकला.

"गल्लीत गायचं नाय," अब्बा म्हणाले.

"चाचा, स्टुडिओ अंधेरीला आहे."

"अंधेरीत पण गल्ली असेल."

"साउंडप्रूफ आहे, चाचा. आतला आवाज बाहेर अजिबात जात नाही. एक टक्का नाही."

अब्बांनी घास खाली ठेवला. सबंध आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बारा लूमपेक्षा भरवशाची जागा कुणीतरी सांगत होतं. "लूमशिवाय?" त्यांनी विचारलं. पराग म्हणाला, "भिंतीलाच असं काही लावतात." अब्बांनी फुफीकडे बघितलं. फुफी म्हणाली, "मी बरोबर जाईन. फोटो नाय काढायचा. आणि गाण्यात काय सोल की फोल हाय ते आधी मला सांग."

"फुफी, सोल म्हणजे पोटातून गायचं."

"मग आधी जेवून घ्या सगळी," फुफी म्हणाली, आणि परवानगी झाली.

आम्ही अंधेरीला गेलो कुंदाच्या वडिलांच्या टेम्पोतून. पुढे केबिनमध्ये फुफी मांडीवर सांदणांचा डबा घेऊन, मागे आम्ही तिघी सुताच्या पोत्यांवर. मी नवा गुलाबी दुपट्टा घेतला होता, आवाजाला शोभेल असा. रस्ताभर मी दोघींना सूचना दिल्या. कुंदाला विशेष. "घाबरू नकोस. तुझा आवाज बारीक आहे, पण मी आहे ना पुढे. तू नुसती मागून लावून धर." कुंदा वेणी चावत म्हणाली, "हां." आजही ते वाक्य आठवलं की मी जिथं असेन तिथं भांडी घासायला लागते.

स्टुडिओचं जाड दार मागे बंद झालं. तसली शांतता मी कधी अनुभवली नव्हती. शुक्रवारची शांतता निदान कावळे, वजूचं पाणी, शेजारची भांडी अशी भोकाभोकांची असते. ही अख्खी होती. स्वतःच्या गिळण्याचा आवाज येत होता. रेहाना घाबरून किंचाळली, "आपा, मला ऐकू येत नाय!" आणि काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टनं कानावरचे हेडफोन काढून फेकले. ते पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. सगळे त्यांना दादा म्हणत. पुढ्यातलं बटण दाबून ते म्हणाले, "ताई, माइक आहे. हळू बोललं तरी चालतं." हळू कसं बोलतात ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आम्हाला काचेकडे तोंड करून ओळीत उभं केलं, प्रत्येकीपुढे एक माइक. मधे अर्थात मी. संगीत सुरू झालं आणि पहिल्याच ओळीत तिघी तीन गावांना निघालो. तीन नंबरचा लूम नाही, एकमेकींचे ओठ दिसत नाहीत, धरायला काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा दादा म्हणाले, एकेकीचं ऐकू या, बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. आधी रेहाना. ठीक, शाळेच्या प्रार्थनेसारखं. मग कुंदा.

कुंदानं वेणी तोंडातून काढली आणि गायली. चार ओळी. तेच ते वेल्वेट आणि तीच ती घडी. मी इतकी वर्षं माझ्या उजव्या बाजूला तिचे ओठ बघत आले होते, आणि त्यांच्या आत हे होतं. जाड, गरम, जरासा खरखरीत आवाज, कोवळ्या मुलीच्या अंगात मावणार नाही असा. मामूच्या कॅसेटवरची ती मागणारी बाई तिच्यापुढे हट्टी पोर वाटली असती. वर गेला तेव्हा कुठंच ताणला गेला नाही. काचेपलीकडे दादांनी खुर्ची पुढे ओढली. फुफी त्यांच्या शेजारी बसली होती, तिच्या हातातली जपाची तसबीह थांबली.

मग मी. मी दुपट्टा सावरला, पोटात हवा भरली आणि सुरू केलं. हेडफोनमधून कुणीतरी ओल्या फरशीवरून लोखंडी बीम ओढत आणत होतं. मला वाटलं, बाहेर काम चाललंय. मी थांबले तर तेही थांबलं. पुन्हा सुरू केलं तर पुन्हा आलं. एवढं झाल्यावर मला उलगडा झाला. मी चारही ओळी पूर्ण केल्या, कारण मधेच थांबलं तर आपल्याला कळलंय हे लोकांना कळेल. अभिमान ही वस्तू बेसूर माणसात जास्त असते. दादा बटण दाबून गोड आवाजात म्हणाले, "छान. जरा तांत्रिक बघतो." आणि बटण सोडलं. आवाज तुटला.

आता बघा. काचेपलीकडे फुफीला जमेस न धरता बोलणारी दोन शहाणी माणसं, मधे दुहेरी काच, आवाज अजिबात जात नाही. आणि काचेच्या अलीकडे भिवंडीच्या तीन मुली.

पराग म्हणाला, "बीच वाली को निकाल."

दादा म्हणाले, "कसं काढणार? नाव तिचं पहिलं आहे. बाप तयार झाला तो तिच्यामुळे."

"तो उसका माइक बंद रख. गाने दे उसको. उसको क्या पता चलेगा?"

"बाकीच्या दोन माइकमध्ये येणार तिचा आवाज. केवढी ओरडते बघितलंस ना."

"थोड़ा दूर खड़ा कर. बेचारी खुश रहेगी."

त्या 'बेचारी'वर परागचे ओठ जरा बाजूला गेले होते, नीट हसायचं टाळणाऱ्या माणसाचे जातात तसे. शब्द वाचता येत नसते तरी तेवढं वाचता आलं असतं. मी मान वळवली नाही. पण डावीकडे रेहानाचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. त्या खोलीत श्वासही ऐकू येत होता. उजवीकडे कुंदानं हेडफोन काढून खुंटीला लावला.

"मंग आम्ही पन न्हाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून निघालेलं ते तोवरचं सगळ्यात मोठं भाषण असावं.

"गप. माइक चालू आहेत," मी म्हटलं. दादांनी आमचा आवाज तिकडे बंद केला असावा, कारण दोघांचीही मान वळली नाही.

"असूंदे. चल नशीम, टेम्पो हाय खाली. बाबांना हाक मारते."

खरं सांगू? माझ्या मनात आधी आलं ते हेच. चालू लागावं. मी गेले असते तर त्या दोघीही आल्या असत्या, अल्बम झाला नसता, आणि मी आयुष्यभर सांगत राहिले असते की मुंबईच्या लोकांनी आम्हाला संधी दिली नाही. किती सोईचं. गळासुद्धा बसवून घ्यावा लागला नसता. पण कुंदा जायला निघाली होती ती त्या चार ओळी आपण काय गायलो याचा पत्ता नसल्यासारखी. तिला खरंच पत्ता नव्हता. तीही माझ्यासारखीच, ऐकू न येणाऱ्या घरात गायला शिकली होती. फरक इतकाच की मला न ऐकता खात्री होती आणि तिला न ऐकता शंका. ती आत्ता त्या दारातून बाहेर पडली तर परत असल्या खोलीत येणार नव्हती. राहनाळच्या मुलीला अंधेरीचा स्टुडिओ रस्त्यात लागत नाही.

मी काचेकडे पाठ केली आणि त्या दोघींच्या समोर, त्यांच्या माइकच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. जिन्यात उभी राहायचे तशी. ओठांनी, आवाज न काढता, म्हटलं, "माझ्याकडे बघा. तीन नंबरचा लूम." पायानं दाखवलं, दर चौथ्याला जोरात. कुंदा अजून खुंटीपाशीच होती. मी पुन्हा ओठांनी म्हटलं, "गा. नाहीतर फुफीला सांगेन की अंड्याचा हलवा तू संपवलास." ती हसली. तिनं हेडफोन घेतला.

आठ गाणी झाली. आठही मी म्हटली. प्रत्येक शब्द, प्रत्येक हरकत, प्रत्येक 'बेबी'. कुंदा आणि रेहाना माझ्या ओठांवर डोळे लावून गात होत्या आणि त्यांचा ताल आता सुईएवढाही हलत नव्हता. माझ्या घशातून काही निघणार नाही याची मी अशी काळजी घेतली की मधेच श्वास घ्यायला विसरत होते. काचेपलीकडून त्यांना माझी पाठ आणि गुलाबी दुपट्टा तेवढा दिसत होता, जोरजोरात हलणारा. बेचारी खूश होती. मधे जेवायची सुट्टी झाली, फुफीनं सगळ्यांना सांदणं वाढली. परागनं पाच खाल्ली आणि मला म्हणाला, "तुम्हारी एनर्जी कमाल है." मी म्हटलं, "शुक्रिया." त्याला आणखी एक वाढलं, कोपऱ्यातलं, कच्चं राहिलेलं.

निघताना दादा दारापर्यंत आले. मिशीवरून हात फिरवत, खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, बाकी दोन माइकवर तुमचा आवाज यायला हवा होता. सकाळी तर भिंती हलवल्या होत्या. आठ गाण्यांत एकदाही आला नाही." मग विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं. ते काचेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसानं, आणि मला काय करावं सुचेना म्हणून मी त्यांना उरलेला डबा देऊन टाकला.

परत येताना फुफीनं मला केबिनमध्ये घेतलं. ठाणं मागे पडेपर्यंत ती तसबीह ओढत होती. मग म्हणाली, "घरी कुणाला काय सांगायचं नाय. अल्बम तिघींचा."

"फुफी, माझा आवाज असा आहे?"

"लहानपणापासून हाय."

"मग आधी सांगितलं का नाय गो?"

"ऐकू कुठं येत होतं? लूम चालू असायचे," फुफी म्हणाली आणि माझ्या मांडीवर दोन चापट्या मारल्या. त्या प्रेमाच्या होत्या की डबा देऊन टाकल्याबद्दलच्या, ते कळलं नाही.

कॅसेट आली. नाव 'ओह, तिघी!'. फोटो नाही ही फुफीची अट परागनं इमानानं पाळली होती, म्हणजे आमचा नव्हता. मुखपृष्ठावर तीन अनोळखी मॉडेल, पांढऱ्या लांब कोटांत, कमरेवर हात. आत नावं, सगळ्यात वर माझं. तेव्हा हिशोब असा झाला की त्या अल्बममध्ये माझा आवाज नव्हता, चेहरा नव्हता आणि नाव मात्र पहिलं होतं. पुढे मी पुष्कळ समित्यांवर काम केलं, त्याची तालीम तिथंच झाली म्हणायची. कॅसेट एका रसवाल्याच्या दुकानात महिनाभर वाजली, पडघ्याला एका हॉटेलात त्याहून जास्त दिवस. मग पराग फर्निचरच्या धंद्यात गेला, आणि थ्री सिल्क्सच्या एकेक करून लग्नाच्या पत्रिका निघाल्या. कुंदा पडघ्याला दिली. हायवेलगतच्या गोडाउनमध्ये ती आता सुपरवायझर आहे, चाळीस बायका हाताखाली, आणि म्हणतात की तिला माइक लागत नाही. गावातल्या सप्ताहात ती गाते तेव्हा ट्रकवाले गाडी बाजूला घेतात. मला कुणी अल्बमबद्दल विचारलं आणि ती तिथं असली तर म्हणते, "आमची पुढारी नशीम होती." एवढंच. तीस वर्षं एवढंच.

पण अब्बांचं राहिलं. कॅसेट घरी आली तो सोमवार होता. अब्बांनी ती उलटसुलट करून बघितली, मॉडेलांवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "लाव." घरात नाही. खाली, शेडमध्ये, लूम चालू असताना. कायदा तो कायदा. टेप कांड्यांच्या टेबलावर ठेवला, आवाज पुरता वाढवला. बारा लूम आणि अब्बांचे ते कान. त्यांना काय ऐकू येणार? ते थोडा वेळ टेपकडे बघत राहिले, तिथं ओठ नव्हते. मग माझ्याकडे वळले आणि ओठांनी म्हणाले, "म्हणून दाखव."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि कॅसेटवर कुंदा गात असताना आठही गाणी म्हटली. नुसत्या ओठांनी, दुसरं काही येतच नव्हतं मला. अब्बा स्टुलावर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते. तिसरं गाणं त्यांनी परत म्हणायला लावलं. वेल्वेटपाशी हसले. कारीगर जाता येता थबकत होते. कॅसेट संपली, बटण वर आलं. अब्बा उठले, माझ्या जवळ आले. चाळीस वर्षं माणसांचे गळे आणि ओठ बघत आलेला माणूस. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, तिथं एक शीर हलली नव्हती. मग ओठांनी, सावकाश म्हणाले, "सगळ्यांत स्पष्ट तूच गातेस. आणि गळ्याला जरासुद्धा त्रास नाय." आणि तीन नंबरच्या लूमवर धागा तुटला होता तिकडे गेले.

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. लूम भंगारात गेले. खाली आता कुठल्यातरी कंपनीचे खोके असतात. पेले किणकिणत नाहीत. हे सगळं लिहून झालं तेव्हा मी कागद सारियापुढे ठेवले आणि भाकऱ्या करायला गेले. तिनं वाचले असावेत. कागद नीट जुळवून फ्रिजवर ठेवून दिले.

गेल्या रविवारी रेहानाच्या मुलाची हळद होती. देगची उघडायला उशीर होता, ढोलकीवाल्या बाईंची चार गाणी झाली होती, आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हटलंच, "अगं, नसीम आहे ना!" सगळ्या माना वळल्या. माझी दोन बोटं गळ्याकडे निघाली होती. तेवढ्यात सारिया, हातातल्या मेंदीवरची नजर न काढता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अम्मीला नका गायला लावू. गळा बसलाय तिचा."

कुणीतरी गरम पाणी आणायला उठलं. सारियानं मान वर केली आणि माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले. तिला कुणी शिकवलेलं नाही, उच्चार अगदीच कच्चा होता. पण मी वाचलं. 'स्पष्ट,' ती म्हणाली होती.